न आलेल्या कायद्यानं लावलेलं लग्न

बियाणं विकणाऱ्या बाईनं गिऱ्हाइकावर चिडू नये, हे मला कळतं. तरी परवा मी चिडलेच.

मानवतला मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. नवरा गोदामात किंवा बाहेरगावी गेला की गल्ल्यावर मी असते. परवा एक वयस्कर शेतकरी आले, दर हंगामात येणारे, ओळखीचे. काउंटरवर कोपर टेकवून आवाज खाली आणत म्हणाले, "वैनी, बियाण्याचा नवा कायदा यायलाय म्हणं. घरचं बी पेरू देणार न्हाईत. आताच दोन सालाचं सोयाबीन भरून ठिवतो. काय म्हणता?"

"कायदा आला का?"

"यायलाय. समदे म्हणायलेत."

"समदे म्हणतात म्हणून घरातलं काही हलवू नका. आधी येऊ द्या. आला की त्यात काय लिहिलंय ते वाचू. मग बघू."

माझा आवाज चढला असावा, कारण ते मागे सरकले आणि आत पोती मोजत उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघायला लागले. नवऱ्यानं मान वर केली नाही. 'कायदा येणार' असं कुणी म्हटलं की मी अशी का होते, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

माझं लग्न एका कायद्यामुळं झालं. तो कायदा अजून आलेला नाही.

मी मूळची जिंतूर तालुक्यातल्या एका गावची. त्या वर्षी आमची बारावीची परीक्षाच झाली नव्हती. साथीमुळं सगळंच मागं पडलं होतं, थंडी सुरू झाली तरी कॉलेजांचे प्रवेश चालू होते. परभणीला कृषी विद्यापीठात माझा नंबर लागला होता. आमच्या घरात शेती सगळेच करत, शेतीची पदवी मात्र कुणाकडं नव्हती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जिंतूरच्या बाजारातून माझ्या होस्टेलसाठी पत्र्याची पेटी आणली. हिरवी, झाकणावर कमळ काढलेली. मी तिच्यात बादली सोडून सगळं भरलं: पाण्याचा मग, वह्या, टॉवेल, साबणाची डबी, दोन किल्ल्यांचं नवं कुलूप. आईनं घरच्या कापसाची गादी भरून घेतली. धाकटी बहीण तेव्हा नववीत होती. शाळेतून आली की ती मुद्दाम त्या पेटीवर बसून चहा प्यायची आणि मी तिला उठवायची. त्या दिवसांतलं माझं सगळ्यात मोठं भांडण म्हणजे हेच.

ती बातमी घरात मीच आणली. मोबाइलवर वाचली आणि उड्या मारत अंगणात गेले. अण्णा बाजेवर बसून कापसाच्या गाठोड्याला दोरी आवळत होते.

"अण्णा, ऐका. पोरींच्या लग्नाचं वय अठराचं एकवीस करायलेत. मंत्रिमंडळानं मान्य केलं. आता तीन वर्षं तुमाला माझ्या लग्नाचं नावसुद्धा काढता येणार न्हाई, बगा."

मला दिवाळीतच अठरा पूर्ण झाली होती. आत्या, मावश्या, शेजारणी, सगळ्यांच्या तोंडी तेव्हापासून एकच विषय होता. आता थेट दिल्लीच माझ्या बाजूनं उभी राहिली, असं मला वाटलं.

अण्णा हसले. "बरं झालं की मंग. शीक तीन वर्षं निवांत."

त्या संध्याकाळी ते मनापासून बोलले, असं मी आजही मानते. मला तसं मानायला आवडतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी तीच बातमी गावातून फिरून परत आमच्या दारात आली, तेव्हा ती ओळखूच येत नव्हती. पारावर ठरलं होतं की नियम एक तारखेपासून लागू. कोण म्हणालं, कुणी वाचलं, कुणालाच ठाऊक नव्हतं; पण आपल्याकडं काहीही लागू व्हायचं असलं की ते एक तारखेपासूनच होतं, त्यामुळं कुणी शंका घेतली नाही. त्यात भर पडत गेली. सुपारी फुटली असली तरी तीन वर्षं थांबावं लागणार. एक तारखेनंतर अक्षता पडल्या तर बाप आत जाणार, भटजीपण आत जाणार. एकवीस झालेल्या पोरीला मग स्थळं कुठून आणायची? आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पौष तोंडावर आला होता. आमच्याकडं पौषात लग्न लावत नाहीत. म्हणजे पौष लागायच्या आत नाही झालं, तर माघापर्यंत कायदा दारात.

पुढचे काही दिवस गावात जे चाललं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कुणी सांगून मला खरं वाटलं नसतं. पंचांगात तिथी नव्हत्या, तर काढीव मुहूर्त निघाले. मंडपवाल्याच्या कनाती संपल्या, तेव्हा लोकांनी खळ्यावरच्या ताडपत्र्या धुऊन बांधल्या. एका गल्लीतली पंगत उठली की खुर्च्या डोक्यावर घेऊन पोरं दुसऱ्या गल्लीत पळायची. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण सकाळी विहिरीवर भेटली, तेव्हा तिला माहीत नव्हतं. सांजच्याला तिच्या दारात सनई वाजत होती. सरकारनं मुलींना तीन वर्षं द्यायचं नुसतं मनात आणलं होतं, आणि आमच्या गावानं ती द्यायच्या आतच परत घेतली.

मला मात्र वाटत होतं की आपल्या घरात हे होणार नाही. पेटी भरलेली होती ना.

एका सकाळी अण्णा त्या पेटीशेजारी येऊन बसले. तिच्यावर नाही, शेजारी, जमिनीवर. "बाई, मानवतचं स्थळ आलंय. पोरगा एकटाच हाय, खत-बियाण्याचं दुकान हाय. माणसं चांगली हायत."

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "नुसता साखरपुडा. लगीन तुझी डिग्री झाल्यावर. मी तसं बोललोय त्यांच्याशी, त्यांनी कबूल केलंय. माझा शब्द हाय तुला."

अण्णांच्या शब्दाचं गावात वजन होतं. दोन भावांत बांधावरून जुंपली की दोघं त्यांच्याकडं यायचे आणि ते म्हणतील तिथं दगड रोवायचे. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मला मिळाला होता, आणि मला तो सातबाऱ्याइतका पक्का वाटला. मुलाशी एकदा फोनवर बोलणंही झालं. तो अडखळत म्हणाला, "तुमी शिका. मला काय घाई न्हाई." मी आईला सांगितलं, ठीक आहे.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कासार घरी आला. मला वाटलं, चार-चार बांगड्या भरेल. त्यानं दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा चढवला. मी म्हटलं, "एवढ्या कशाला गं?" आई म्हणाली, "पाव्हण्यात दिसायला बऱ्या." सकाळी न्हाताना तिनं सायीत कालवलेली हळद माझ्या अंगाला चोळली. धाकटीनं दारातून विचारलं, "आई, ताईला हळद कामून लावायलीस?" आई म्हणाली, "थंडीनं अंग उललंय तिचं." अंग खरंच उललं होतं. मी डोळे मिटून ती हळद लावून घेतली, आणि आईचा हात किती दिवसांनी असा पाठीवरून फिरतोय, असं वाटून मला बरंही वाटलं. माझी हळद लागत होती आणि ते घरात फक्त मला आणि एका नववीतल्या पोरीला माहीत नव्हतं.

साखरपुडा आमच्याच अंगणात होता. ताडपत्री, सतरंज्या, पाहुण्यांना फेटे. माझी ओटी भरली, साखरेचा पुडा हातात दिला, त्यानं मला अंगठी घातली, मी त्याला. झालं. मी उठायला लागले, तेवढ्यात मुलाच्या मामांनी माइक हातात घेतला. शिक्षक होते, निवृत्त झालेले; बोलायची सवय.

"मंडळी, आता दोन मिंटं ऐका. दिल्लीत कायदा यायलाय, हे समद्यांना ठाऊक हाय. साखरपुड्याला कायदा काय जुमानणार न्हाई. उद्या दोन्ही घरं अडचणीत नको. म्हून आमी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी असं ठरिवलंय की आता याच मांडवात शुभमंगल उरकून घ्यावं. एकदा अक्षता पडल्या की कंचाच कायदा काय करू शकत न्हाई!"

टाळ्या वाजल्या. मला आधी काहीच कळलं नाही. कुणाचं शुभमंगल, हा प्रश्न खरोखर माझ्या मनात आला. मग माझ्या सासूबाईंनी, म्हणजे त्या क्षणापर्यंत ज्या सासूबाई नव्हत्या त्यांनी, पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि तिच्यातून मंगळसूत्र निघालं. कुणीतरी मागून माझ्या कपाळावर मुंडावळ्या बांधल्या. त्यांची गाठ केसांत अडकून दुखली, ते मला आठवतं. समोर अंतरपाट धरला गेला. त्याच्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलेलं होतं. ते वाळलेलं होतं. कुंकू वाळायला वेळ लागतो. म्हणजे हे स्वस्तिक आता काढलेलं नव्हतं, कुणीतरी घरून काढून आणलं होतं. मी हातांतल्या हिरव्या चुड्याकडे पाहिलं. आईनं पाठीवर हळद चोळली ती कशाची, ते मला तिथं, त्या वाळलेल्या कुंकवासमोर कळलं.

मी अण्णांकडे पाहिलं. ते ताडपत्रीच्या खांबाकडे बघत होते.

मी "न्हाई" म्हणाले. मनात नाही, मोठ्यानं. मामांच्या हातातला माइक जवळच होता, त्यामुळं माझं 'न्हाई' कर्ण्यातून साऱ्या गल्लीनं ऐकलं. मग मामा हसले. "लाजायली पोरगी, लाजायली!" सगळा मांडव हसला. बायका हसल्या, फेटे हसले, आणि भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं. एवढ्या माणसांना माझा शब्द ऐकू गेला आणि एकालाही तो शब्द वाटला नाही. इतका धक्का मला त्याआधी कधी बसला नव्हता, आणि त्यानंतरही बसलेला नाही. धाकटी ताट घेऊन अक्षता वाटत होती. तिच्या हातात ताट कुणी दिलं, तिलाच कळलं नव्हतं. ती रडत होती आणि वाटत होती.

नंतर अनेकींनी मला विचारलं, पळून का नाही गेलीस, पोलिसांना फोन का नाही केलास? काय सांगायचं होतं पोलिसांना? मी अल्पवयीन नव्हते. अठरा पूर्ण होती, कायद्यानं मी सज्ञान होते. सज्ञान माणसाला विचारतात, अशी माझी समजूत होती. जो कायदा होता, तो म्हणत होता हिचं लग्न लावायला हरकत नाही. जो येणार होता, त्याच्या भीतीनं ते आजच लावायचं होतं. दोघांच्या मध्ये मी मुंडावळ्या बांधून उभी होते.

जिंतूरच्या एका वार्ताहरानं फोटो काढला. दोन-तीन दिवसांनी छापून आला: साखरपुड्यातच विवाह, अनाठायी खर्चाला फाटा, दोन्ही कुटुंबांचा आदर्श. फोटोत माझे डोळे एवढे मोठे झालेत की सासरच्या बायका म्हणाल्या, नवरीला किती आनंद झालाय बघा.

निघताना जीपच्या टपावर गादी चढवली आणि गादीवर हिरवी पेटी. होस्टेलची गादी, होस्टेलची पेटी. मी आईला म्हटलं, "ती पेटी कशाला?" ती म्हणाली, "तुझे कपडे त्यातच हायत." मला वाटलं, असतील. मानवतला पोचल्यावर पेटी उघडली तर माझ्या वह्या नव्हत्या, मग नव्हता, साबणाची डबी नव्हती. नव्याकोऱ्या साड्या होत्या, ब्लाउज शिवलेले, माझ्या मापाचे, आणि वर खणा-नारळाची ओटी. शिंपी काही एका रात्रीत एवढे ब्लाउज शिवून देत नाही. माझी पेटी माझ्याच घरात कधीतरी रिकामी झाली होती, आणि बहीण तिच्यावर बसते म्हणून मी भांडत होते. तळाशी फक्त कुलूप राहिलं होतं, पुठ्ठ्यात तसंच गुंडाळलेलं. ते काढायचं राहून गेलं असावं.

नवऱ्याशी पहिलं नीट बोलणं झालं ते दुकानातच, दुसऱ्या दिवशी, जेव्हा मला दुकान दाखवायला म्हणून नेलं. मी विचारलं, "तुमाला माहीत व्हतं?"

"सकाळी कळलं. जीपमध्ये बसल्यावर." तो पोत्यावर बसून नखं बघत होता. "मित्रांना पण बोलावलं नव्हतं मी. साखरपुडाच हाय म्हणलं."

"मंग तुमी न्हाई म्हणायचं व्हतं."

"तू म्हणलीस की," तो म्हणाला. "काय झालं?"

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण ही हकीकत ऐकणारे लगेच कुणीतरी वाईट माणूस शोधतात. या गोष्टीत तसा कुणी नाही. सगळी चांगली माणसं होती, आणि त्यांनी मिळून हे केलं. ते मला जास्त भयंकर वाटतं.

सत्यनारायण, देवदर्शन, पाहुण्यांकडची जेवणं यांत विद्यापीठात हजर व्हायची मुदत निघून गेली. मी नवऱ्याला म्हटलं, तो सासऱ्यांना म्हणाला, सासरे म्हणाले, पुढच्या साली बघू. पुढच्या साली माझ्या पोटात लेक होती.

पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दारातच उभी राहून विचारलं, "मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस."

"व्हय, म्हणले असते."

"म्हूनच," आई म्हणाली, आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली. तिच्या लेखी विषय संपला होता.

आणि एक तारीख? ती आली नि गेली. मी सकाळपासून मोबाइल घेऊन बसले होते. गॅसचे दर बदलले होते. कायदा नव्हता. मी अण्णांना फोन केला, "अण्णा, एक तारीख झाली." ते म्हणाले, "आज न्हाई तर उद्या येतंय. टळलं न्हवं, बरं झालं." मग पौष गेला, माघ गेला. तेव्हा कुठं मी ते विधेयक नीट शोधून वाचलं, दुकानात, खतांच्या पोत्यांआड बसून. हे मला आधीच करायला हवं होतं असं नाही. आधी मला ते करायची गरजच वाटली नव्हती, मी आनंदात होते. ते संसदेत मांडलं गेलं होतं आणि तसंच समितीकडे पाठवलं गेलं होतं. मंजूर झालेलं नव्हतं. आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मंजूर झाल्यानंतरही लग्नाच्या वयाचा बदल दोन वर्षांनी लागू होईल.

दोन वर्षांनी. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. साऱ्या गावानं ताडपत्र्या धुतल्या, काढीव मुहूर्त काढले, बाकावरच्या मैत्रिणी वाटून टाकल्या, माझ्या पेटीतून वह्या काढल्या. कशासाठी? कुणाच्याही पाठीमागं काहीच लागलेलं नव्हतं. सगळे उगाच धावत होते. मी हसायला लागले, आणि मग मला हसू आवरेना. नवरा धावत आला, त्याला वाटलं औषधाची बाटली फुटून वास चढला.

पुढं लोकसभेची मुदत संपली, आणि समितीत पडून असलेलं ते विधेयक आपोआप बाद झालं. ही बातमी काही पहिल्या पानावर आली नाही. पारावर तर नाहीच नाही. येणार म्हणून आलेला कायदा सगळ्यांना ठाऊक होता, गेलेला कुणालाच ठाऊक नव्हता. मीच अण्णांना सांगितलं. ते हरभऱ्याचं बियाणं न्यायला आले होते. चहाचा कप हातात धरून त्यांनी ऐकलं.

"मंग आता येतच न्हाई का ते?"

"न्हाई. परत पहिल्यापासून आणावं लागंल."

माझी लेक त्यांच्या धोतराचा सोगा ओढत होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. मला माफी नको होती. अण्णांसारखी माणसं लेकीची माफी मागत नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्या खांबाकडे का बघत होता, एवढं तरी सांगावं, असं वाटत होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पिशव्या दोनच दे. जमीन वली न्हाई यंदा." आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

यंदा धाकटीला अठरा पूर्ण झाली. बारावीला तिला चांगले गुण पडले. तिलाही शेतीचंच शिकायचं आहे; का, ते मी तिला कधी विचारलं नाही. आईच्या फोनवरून मला कळलं होतं की सेलूकडचं एक स्थळ येऊन गेलंय, नोकरीवाला मुलगा, घरबसल्या आलेलं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मी मनातल्या मनात अण्णांशी भांडत होते. काय बोलायचं, कुठल्या शब्दानं सुरुवात करायची, सगळं ठरवून ठेवलं होतं. वेळ आली तर माहेरी जाऊन दारात बसायचं, हेही नवऱ्याला सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "बस. मी पण येतो." या वेळी मात्र तो पटकन बोलला.

आणि मागच्या आठवड्यात अण्णा दुकानात आले. बियाण्याचा हंगाम नव्हता. काउंटरच्या पलीकडं उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली. मी गल्ला बंद केला. म्हटलं, आलंच.

"सेलूच्या पाव्हण्यांना न्हाई म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "पोरगी शिकायचं म्हणायली. शिकू दे. एवढी काय घाई हाय?"

एवढी काय घाई हाय. किती सहज म्हणाले ते. हेच चार शब्द इतके सोपे होते? हे त्यांना आधीपासून म्हणता येत होतं? मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, शपथेवर सांगते; पण त्याच्या आधी संताप आला. भांडणासाठी जमवलेला एकही शब्द उपयोगाचा राहिला नव्हता.

"नंबर लागलाय तिचा. परभणीला," अण्णा पुढं म्हणाले. मग खाली बघून, अगदी हळू, "ती पेटी हाय का तुझ्याकडं? हिरवी. होस्टेलला लागती म्हणं."

पेटी आमच्या माळवदाच्या खोलीत होती. तिच्यात माझ्या साड्या होत्या, लेकीची लहानपणची झबली होती. मी नवऱ्याला दुकान बघायला सांगितलं आणि घरी येऊन सगळं बाहेर काढलं, पलंगावर ढीग घातला. कमळाचा रंग थोडा उडालाय, बाकी पेटी चांगली आहे. तळाशी ते कुलूप होतं, पुठ्ठ्यासकट. दोन्ही किल्ल्या तशाच. मी ते वापरलंच नव्हतं. सासरी माझ्या पेटीला कुलूप लावायचं काय कारण होतं?

अण्णा ओसरीत उभे होते. मी पेटी त्यांच्यापुढं ठेवली, कुलूप त्यांच्या हातात दिलं.

"तिला देतो," ते म्हणाले. "आणि काळजी करू नको बाई. तिची डिग्री व्हईस्तोवर मी तिच्या लग्नाचं काढत न्हाई. माझा शब्द..."

"अण्णा," मी म्हणाले, "तिला शब्द देऊ नका. तिला नुसतं परभणीला पोचवून या."